आबांनी तिला शिकवलं

आबांचा वाकस मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिला, तेव्हा माझ्या हातात त्यांचा जेवणाचा डबा होता. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. कुदळीसारखं आडव्या पात्याचं, पण आखूड दांड्याचं. होडी बांधणाऱ्या सुताराचं अर्धं काम त्याच्यावरच चालतं. आबांच्या वाकसाला त्यांच्या वडलांनी दांडा घातलेला होता, आणि आमच्या घरात तो कुणी ओलांडायचासुद्धा नाही असा दंडक होता. मी तर मुलगी. मला तो उचलून बाजूला ठेवायचीही परवानगी नव्हती. आई केर काढताना तेवढी जागा सोडून काढायची.

आणि आता एक एकोणीस-वीस वर्षांची पोर, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, होडीच्या कण्यावर एक पाय टाकून तो वाकस चालवत होती. आबा तिच्या मागे उभे होते. खांदा नाही, मनगट हलवायचं, हे दाखवायला त्यांनी तिचं मनगट दोन बोटांनी धरलं होतं. "जोर नको देऊ, बाय. ते आपल्या वजनानं पडतं. तू नुसतं वाट दाखव."

इतक्या मऊ आवाजात आबांना बोलताना मी माझ्या त्रेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी डबा बाकावर ठेवला आणि हाक न मारता परत फिरले. घरी येऊन ब्लाउजला हुकांची पट्टी उलटी लावली. उसवली, पुन्हा लावली, ती पुन्हा उलटीच लागली.

आमचं मूळ गाव महाडच्या खाली, सावित्री रुंद होऊन खाडी होते तिथलं. घर सुतारांचं, पण दारं-खिडक्या करणारं नाही, होड्या बांधणारं. अंगणात कायम एखादी होडी उताणी नाही तर पालथी असायची. आबा माझ्या भावाला शिकवत. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला कंटाळा येई, तो चुकीच्या जागी घाव घाली, आबांचा हात त्याच्या पाठीत बसे. मी चुलीसाठी ढलप्या गोळा करत तिथेच घोटाळायची. काय करायचं ते मला दिसत असायचं. भावाला दिसत नसायचं. मी एकदा आबांना म्हटलं, "मी करू?" ते म्हणाले, "ढलप्या भिजतील, आत ने." एवढंच.

पुढे फायबरच्या होड्या आल्या. भाऊ मुंबईला एसी दुरुस्तीच्या कामाला लागला आणि गावी आला तरी अंगणाकडे बघेना. माझं लग्न महाडला झालं. मी शिवणकाम शिकले, बाजारपेठेमागच्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं. आई गेल्यावर आबांना मी माझ्याकडे आणलं. ते कॉटवर बसून रस्त्याकडे बघत. माझे मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला. ते आणि आबा दिवसाला चार वाक्यं बोलत.

मग तो पूर आला. आमच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या. मशीनचं डोकं तेवढं वर नेता आलं. आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होतो आणि आबा खिडकीत उभे राहून गल्लीतून वाहणारं पाणी बघत होते. लोक गच्च्यांवरून हाका मारत होते. आबा म्हणाले, "एक होडी असती. एक." नंतर कितीतरी दिवस, चिखल काढताना, भिंती धुताना, ते हेच म्हणत राहिले.

हे म्हणणारे ते एकटे नव्हते. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांनी खाडीकाठची एक बंद पडलेली भाताची गिरणी मिळवली आणि तिथे गावाच्या मदतीने एक केंद्र सुरू केलं. पोरांना पोहणं, दोऱ्यांच्या गाठी, वल्हवणं शिकवायचं आणि लाकडी होड्या बांधायच्या. पुढच्या पुरात महाडच्या आळीआळीत एक तरी होडी असावी, असं त्यांचं म्हणणं. शिकवायला मिस्त्री हवा होता. शोधत शोधत ते आमच्या दारात आले. आबांनी त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, चपला घातल्या.

केंद्राची पद्धत अशी की प्रत्येक मुलामुलीला एक मोठं माणूस नेमून द्यायचं. त्याने काम तर शिकवायचंच, शिवाय घरी काय चाललंय, पुढे काय करणार, हेही विचारायचं. आबांच्या वाट्याला ती वाकस चालवणारी पोर आली, पोलादपूरकडची. उमरठच्याही वर, जिथे एस्टी शेवटचा फेरा मारून परत फिरते, तिथून चढून जायच्या वाडीतली. बारावी होऊन बसलेली. आईबाप ठाण्याला, ही चुलत्याकडे. आठवड्यातले चार दिवस ती एस्टीने महाडला येई आणि तिथून खाडीपर्यंत सहा आसनीने.

मी शाळेत होते तेव्हा मी कितवीत आहे हे आबांना कधी सांगता आलं नसतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आता रात्री जेवताना ते तिची सगळी हकिगत सांगत. चुलता कसा आहे, भात किती पिकतं, वाडीत नळ कधी आला.

"आज तिनं पटाशीला धार काढली. माझ्यापरीस बरी."

"भात वाढू?"

"वाढ. आणि उद्या दोन भाकऱ्या जास्त बांध. पोर एस्टी स्टँडवरचा वडापाव खाऊन दिवस काढते."

मी दोन भाकऱ्या जास्त बांधल्या. सुकटीची चटणीही जास्त बांधली, कारण कमी बांधली असती तर आबांनी स्वतःची तिला दिली असती. डबा घासून पुसून परत यायचा. तिने धुतलेला. त्याचाही मला राग यायचा. तिचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त टोचायचं. भावाला शिकवलं तेव्हा मी मुलगी म्हणून गप्प बसले होते. ते कारण पुरेसं होतं, माझं मन त्यावर निजलं होतं. आता तर मुलगीच शिकत होती.

पहिले काही महिने केंद्रातली सगळी मुलं आबांना मिस्त्री म्हणत. एके दिवशी डबा द्यायला गेले तर गिरणीच्या आतून हाक आली, "आबा, इकडं बघा ना." मला क्षणभर वाटलं, मीच बोलले की काय. ती होती. आबा लगेच वळलेही. माझ्या हाकेला ते सहसा दुसऱ्यांदा वळतात.

पौषात आबा माझ्या मशीनशेजारी येऊन उभे राहिले. काहीतरी मागायचं असलं की ते असे उभे राहतात, पण मागत नाहीत. शेवटी म्हणाले, "जाड कापड हाय का तुझ्याकडं? तंबूचं असतं तसं."

"कशाला?"

"पोरीला एप्रन पायजे. ढोपरापर्यंत. पुढं खिसे. पेन्सिल, गुण्या, खिळे ठेवायला. तिचे सगळे ड्रेस फाटायला लागलेत."

आयुष्यात त्यांनी मला स्वतःसाठी साधी बंडी शिवायला सांगितली नव्हती. मी म्हटलं, "माप लागेल. पाठवा तिला."

रविवारी ती आली. उंबऱ्यातच बसली. मी आत बोलावल्यावर पाय पुसून आली आणि भिंतीवरची पुराची खूण बघत राहिली. रंग मारूनही ती रेष वर येते.

"एवढं पाणी?" ती म्हणाली.

"याच्याहून वर होतं. ही उतरताना राहिलेली."

"तुम्ही लोक नदीला भिता. आमच्याकडं सगळे डोंगराला भितात. तळीयेवर दरड आली तेव्हापासून पाऊस लागला की चुलती रात्रभर भांडी आवरून बसते."

मी टेप घेतली. "हात वर कर." तिच्या तळव्यांना फोड येऊन गेले होते, त्यांची जाड चामडी झाली होती. आबांच्या हाताला जिथे आहे तिथेच. मी कंबर मोजली, उंची मोजली. विचारू नये असं ठरवूनही विचारलं, "तुला एवढं खाडीचं वेड कुठून लागलं गो?"

"वेड नाय ओ, ताई. खाडी मी इथं आल्यावरच बघितली. आमच्याकडं सावित्री उन्हाळ्यात ढोपरभर असते. मला तर पाण्याची भीती वाटते. पोहायच्या वर्गाला मी काठावर बसते." मग हसून म्हणाली, "पण लाकूड आवडतं. आणि आबा सांगतात तसं कुणी सांगत नाय."

मी पाठीमागे उभी होते, म्हणून तिला माझा चेहरा दिसला नाही.

"आबा तुमची गोष्ट सांगत होते," ती पुढे बोलत राहिली. "तुम्ही लहानपणी पोफळीच्या विरीची, झावळीच्या त्या रुंद देठाची, होडी केलेली. तिला आईच्या परकराच्या नाडीनं शीड बांधलेलं. ती पार पलीकडच्या काठाला लागली. आबा बोलले, माझ्या पोरीची होडी गेली तशी सरळ माझी पण कुठली गेली नाय."

टेप माझ्या हातात तशीच राहिली. ती होडी मी विसरले होते. म्हणजे नाडीबद्दल आईचा मार खाल्ला, ते आठवत होतं. पण होडी पलीकडे लागली, हे मी एकटीने पाहिलं असं मला वाटत होतं. आबा बघत होते. त्यांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि काढून दिलं ते हिला. माझी गोष्ट मला हिच्या तोंडून ऐकावी लागली.

एप्रन मी चांगला शिवला. डबल शिलाई, खिशाच्या कोपऱ्यांना रिबीट. वाईट शिवणं माझ्याकडून व्हायचं नाही.

त्याच आठवड्यात, आबा संध्याकाळी दारात विडी ओढत बसले असताना मी विचारलं. भांडायचं नव्हतं. पण आवाज चढलाच.

"आबा, मला का नाही शिकवलंत?"

त्यांना कळलं कशाबद्दल ते. "तू मागितलंस कुठं?"

"मागितलं होतं. तुम्ही ढलप्या आत न्यायला सांगितलंत."

त्यांनी विडीचा एक झुरका घेतला. गल्लीतून एक टेम्पो गेला. मग म्हणाले, "तेव्हा कोण घेणार होता बाईचा हात लागलेली होडी? गिऱ्हाईक नारळ फोडायच्या आधी परत गेलं असतं."

"एवढंच कारण?"

"नाय." त्यांनी विडी विझवली. "तुला येणार, हे मला दिसत होतं. भावाला येणार नाय, हे पण दिसत होतं. तू शिकून सासरी गेली असतीस. माझ्या बापाचा धंदा दुसऱ्याच्या अंगणात गेला असता. ते मला सोसलं नसतं."

"आणि हिला शिकवताना सोसतं?"

"आता धंदाच उरला नाय, बाय. कुणाच्या अंगणात जायचं त्यानं? आता काय ज्याला पायजे त्याला."

खरं बोलले ते. मला येणार हे दिसत होतं म्हणाले, त्याने तरी बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. वाटलं, जे माझ्यापासून राखून ठेवलं ते राखण्यासारखं होतं तोवर माझं होऊ दिलं नाही, आणि आता फुकट वाटायला काढलं तर तेही पहिलं माझ्या दारात नाही आलं.

शिमग्याला भाऊ आला. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. मी त्याला मुद्दाम केंद्रावर घेऊन गेले. होडीच्या बरगड्या तोवर उभ्या झाल्या होत्या आणि फळ्या चढायला लागल्या होत्या. ती एप्रन घालून, तोंडात खिळे धरून, एकेक खिळा बाहेरून ठोकत होती, आबा आतल्या बाजूने त्याचं टोक वळवत होते. एक शब्द न बोलता दोघांचे हातोडे एका ठेक्यात पडत होते.

भाऊ बघत राहिला. मी म्हटलं, "बघ. तुझी जागा."

तो म्हणाला, "बरं झालं गं. सुटलो. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोळ्यादेखत हे संपणार आणि ते माझ्या डोक्यावर बसणार." आणि तो खरंच हलका होऊन पुढे गेला, तिच्याशी बोलला, तिच्यासोबत मोबाइलवर फोटो काढला. मी एकटीच उरले जळायला.

चैत्रात आबांच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही असं बजावलं. आबा काळा गॉगल लावून कॉटवर बसले. होडी पावसाच्या आत पाण्यात जायला हवी होती आणि तिची एक फळी राहिली होती. शेवटची फळी सगळ्यात अवघड. आजूबाजूच्या फळ्या लागलेल्या असतात, मधे जी फट उरते तिच्यात ती नेमकी बसावी लागते. ही तर मागच्या टोकाकडे जाताना वाकतही होती आणि पिळतही होती.

पोर रोज संध्याकाळी शेवटच्या एस्टीच्या आधी आमच्याकडे यायची. कॉटशेजारी जमिनीवर बसायची. आबा हवेत हात फिरवून सांगायचे, ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायची, "नाय जमलं." मी चहा करायची. माझ्याच घरात मी त्या दोघांना चहा देणारी झाले होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आबा वैतागले. "फर्मा काढ, फर्मा! फटीवर फर्मा टाकल्याशिवाय फळी कापायची नाय!"

फर्मा म्हणजे कागदाचा किंवा पत्र्याचा कापलेला आकार. सुताराचा असतो तसा शिंप्याचाही असतो. माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले कितीतरी होते, बाह्यांचे, गळ्यांचे. मी कपबशा खाली ठेवल्या आणि म्हटलं, "फर्मा मी काढते."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आबांचा गॉगल माझ्याकडे वळला, पण डोळे दिसले नाहीत. "काढ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मशीन झाकलं, खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि तिच्याबरोबर केंद्रावर गेले. लहानपणानंतर पहिल्यांदाच मी होडीला हात लावत होते. त्या फटीवर कागद धरला, टाचण्या लावल्या, कडा पेन्सिलने उतरवल्या. मागच्या बाजूला कागदाला चूण पडत होती. मी ती बोटांनी दाबली, टाचणीने बसवली. छातीच्या मापाला मी रोज तेच करते. ती पोर म्हणाली, "ताई, हे असं चालेल?" मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." ती गप्प झाली. तिचं गप्प होणं मला आवडलं.

सागाची शेवटची चांगली लांब फळी होती. तिच्यावर फर्मा ठेवून तिने ती कापली. गोणपाट गुंडाळून मुलांनी वर उकळतं पाणी ओतलं, फळी नरम झाल्यावर सगळ्यांनी मिळून दाबत नेली. पुढे ती सुंदर बसली. मागे वाकवल्यावर तिची कड वर उचलली गेली आणि खाली हात जाईल एवढी फट राहिली. पुन्हा दाबली. कड फाटल्याचा आवाज आला.

सर डोकं खाजवत बाहेर गेले. मुलं इकडेतिकडे झाली. मी त्या फाटलेल्या कडेवर बोट फिरवत उभी राहिले.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "बसली?"

पोर म्हणाली, "फुकट गेली. माझं कापताना चुकलं."

मला तिचा इतका संताप आला! चूकसुद्धा ही माझ्याकडून काढून घेणार. "तिचं नाही," मी म्हटलं. "तिने फर्म्याबरहुकूम कापली. फर्मा माझा होता."

"चूण दाबलीस?" आबांनी विचारलं.

त्यांना घरी बसून, डोळ्यांवर काळा चष्मा असताना, ते दिसलं होतं. मी म्हटलं, "हो."

आणि आबा हसायला लागले. डॉक्टरांनी जोरात हसायलाही बंदी केली होती बहुतेक, कारण ते एका हाताने डोळा धरून हसत होते. "कापड ओढलं की ऐकतं. लाकूड नाय ऐकत. आमच्या घरात पयली फळी सगळ्यांनीच फुकट घालवलीय. मी बापाची घालवली, त्याच्या हातचा मार खाल्ला. तुझ्या भावानं तीन घालवल्या." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझी आज झाली."

मी आत जाऊन गॅस पेटवला. चहा कुणी मागितला नव्हता. दूध उतू जाईपर्यंत मला कळलं नाही.

मग त्यांनी नीट समजावलं. फटीवर अख्खा कागद बसवायचाच नाही. एक अरुंद लवचीक पट्टी नुसती टाकायची, ती आपणहून जिथे पडेल तिथे पडू द्यायची, आणि तिथून दोन्ही कडांपर्यंतचं अंतर जागोजागी मोजून पट्टीवर लिहायचं. पट्टी सपाट केली की फळीचा आकार आपोआप उतरतो. ऐकताना मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. शेवटी आबा म्हणाले, "माप तू घे." हे मला. "काप तू." हे तिला. कापायचं काम तिलाच. मी मनात म्हटलं, राहू दे, माप तर माझं आहे.

दुसरी फळी शोधायला सरांना पार पाचाडपर्यंत जावं लागलं. तिथल्या एकाने घरासाठी कापून ठेवलेला साग दिला. गळ्यात टेप अडकवून मी पट्टीवर आकडे लिहीत गेले. या वेळी तिने काही विचारलं तर मी उत्तर दिलं. तिने कापली, मी दुसरं टोक धरलं. फळी बसली. अगदी घट्ट नव्हती, मागे एका ठिकाणी नखभर फट होती. ती आम्ही कापसाची वात ठोकून आणि राळ भरून बुजवली.

वैशाखाच्या शेवटी, भरतीची वेळ साधून होडी पाण्यात ढकलली. महाडमधून बरीच माणसं आली होती. आबा काळा गॉगल लावून खुर्चीवर. नारळ फुटला, होडी घसरत पाण्यात गेली आणि जराशी डावीकडे कलून सरळ झाली. सरांनी पोरीला म्हटलं, "बस. पहिला मान तुझा."

ती जागची हलेना. गुडघाभर पाण्यात होडीची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तिला वर चढता येत नव्हतं. मी खाडीची पोर. पाण्याची भीती म्हणजे काय, हे मला माहीतच नाही. खरं सांगायचं तर तिला तसं बघून माझ्या मनाला गारवा वाटला. काहीतरी होतं, जे मला येत होतं आणि तिला नाही.

आबा खुर्चीतून ओरडले, "बघत काय उभी राह्यलीस? चढ तू. हिला वर घे."

मी साडी खोचली आणि चढले. तिला दोन्ही हातांनी ओढून घेतलं. ती मधल्या फळीवर बसली आणि तिने माझा हात मनगटाजवळ इतका घट्ट धरला की काकणं रुतली. मी एका हाताने वल्हवू शकत नव्हते. "सोड," मी म्हटलं. "नाय सोडत, ताई." मग मी तिला माझ्या पायांशी, तळात बसवलं, माझ्या गुडघ्याला धरून. आणि वल्ही मारली. काठापासून बरंच दूर गेल्यावर तिने डोकं वर काढून बघितलं. मग ती आमच्या फळीकडे वळली, हाताने तिची आतली बाजू चाचपली. "कोरडी हाय," ती म्हणाली.

काठावरून आबा सूचना देत होते. डावीकडं घ्या, वाऱ्यावर ठेवा. नाव तिचं घेत होते. वल्हवत मी होते. पुन्हा पोटात दुखलं, पण वल्हं थांबवता येत नव्हतं.

पावसाळ्यानंतर सरांच्या ओळखीने तिला दक्षिणेकडे, रत्नागिरीच्याही पुढच्या एका बंदरात काम मिळालं. तिथे अजून मोठ्या लाकडी होड्यांची डागडुजी चालते. ती गेली त्या आठवड्यात आबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मी मुद्दाम विचारलं, दुसरी होडी कधी धरणार, नवीन मुलं कशी आहेत. "हायत," म्हणाले. तिच्या आठवणीने ते असे सुकले, हेही मला सहन होत नव्हतं. मी सासरी आले, तेव्हा माझ्यामागे ते असे गप्प झाले होते का, हे आता सांगायला आई नाही.

केंद्रावर मी मंगळवार-शुक्रवार दुपारी जाते. वयाच्या अटीत मी बसत नाही, म्हणून कुणी माझं नाव कुठे लावलेलं नाही. मापं माझ्याकडे असतात. आबा मला शिकवतात असं म्हणता येणार नाही. ते नव्या मुलांना शिकवतात आणि मी जवळ उभी असताना जरा मोठ्याने बोलतात.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. आबांनी स्पीकरवर घ्यायला सांगितला. ती घाईत होती. तिथल्या मिस्त्रीने तिला एका मचव्याच्या फळीचं माप काढायला लावलं होतं आणि फळी पुढच्या टोकाशी इतकी पिळत होती की पट्टी कुठे टाकावी तेच कळत नव्हतं. आबांनी थोडं ऐकलं आणि फोन माझ्यासमोर मशीनवर ठेवला.

"हे तिला विचार," ते फोनमध्ये म्हणाले. "माप तिचं असतं."

मी फोन उचलून स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. तिला आधी विचारलं की जेवली का. मग पट्टीचं विचारलं, किती रुंद घेतली, कुठून सोडली. अरुंद घे म्हणून सांगितलं, मधूनच सोड म्हणून सांगितलं. ती लिहून घेत होती. मग ती तिकडच्या बायकांचं सांगायला लागली, मासळीचं, खोलीत शिरणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचं. मी ऐकत बसले. आबा कॉटवरून दोनदा हात पुढे करून फोन मागत होते. मी दिला नाही.